खाल्ल्या मिठाला जागणारा विषाणू

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्या भाषेत इमानाची गोष्ट निघाली की मीठ आलंच. तूप खाल्लं, साखर खाल्ली म्हणून कुणी कुणाला बांधला जात नाही. पण मीठ खाल्लं की बांधला जातो. 'खाल्ल्या मिठाला जागावं' असं आपण म्हणतो. आमच्या घरात उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा नांदत होत्या. तिकडे 'नमकहराम' ही जितकी मोठी शिवी होती, तितकीच इकडेही होती. खाऊ घालणारा आणि खाणारा यांच्यामधला करार मिठाने लिहिला जातो, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते मिठातच जन्मणाऱ्या, मिठातच राहणाऱ्या आणि मीठ कमी झालं तर मरणाऱ्या जिवांबद्दल, आणि त्यांच्या घरात न बोलावता शिरणाऱ्या पाहुण्याबद्दल. हा पाहुणा म्हणजे विषाणू. मी बी. ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. पण या विषयावर वाचत गेलो तेव्हा ध्यानात आलं की इथे यजमान आहे, पाहुणा आहे, इमान आहे, दगा आहे आणि दग्याची आठवणही आहे. कवीला आणखी काय लागतं?

जून २०२० आठवून पाहा. सारं जग एका विषाणूच्या धाकाने दारं लावून बसलं होतं. त्याच दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झाल्याची बातमी आली. हे सरोवर म्हणजे उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेलं विवर. त्याचं पाणी खारट आणि क्षारयुक्त. पाण्याचा रंग असा बदललाच कसा, यावर बरेच तर्क झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. उत्तर साधं होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठाची आवड असलेले सूक्ष्मजीव भराभर वाढले. तो गुलाबी रंग त्यांचा होता. पुढे पाऊस झाला आणि रंग ओसरला.

या जिवांना शास्त्रज्ञ 'आर्किया' म्हणतात. दिसायला ते जिवाणूंसारखेच. पण वंशाने निराळे. १९७७ साली अमेरिकेतल्या कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचं हे वेगळेपण दाखवून दिलं. आर्कियांमध्ये अनेक घराणी आहेत. त्यांतलं एक घराणं मीठप्रिय.

आता, मिठात जीव जगतो कसा? आपण लोणच्यात मीठ घालतो, मासळी खारवतो, ती जंतूंनी नासू नये म्हणूनच. बाहेर मीठ फार झालं की जंतूच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो सुकून जातो. मीठप्रिय आर्कियांनी यावर तोड काढली आहे. बाहेर जितका खारटपणा, तितकाच ते आपल्या पेशीच्या आत साठवतात. फक्त बाहेर सोडियमचं मीठ तर आत पोटॅशियमचं. त्यांच्या पेशीतली प्रथिनंही अशा घडणीची असतात, की मिठातच ती शाबूत राहतात. त्यांच्यातल्या अनेकांना नुसत्या गोड्या पाण्यात टाकलं तर पेशी फुटून जाते. आपल्याला जे जीवन, ते त्यांना मरण.

कोकणात किंवा गोव्यात ज्यांनी मिठागरं पाहिली असतील त्यांना आठवेल, मीठ धरायच्या सुमाराला वाफ्यातलं पाणी लालसर दिसू लागतं. त्या रंगात या मंडळींचा मोठा वाटा असतो. उन्हापासून बचाव करणारं एक लाल रंगद्रव्य त्यांच्या अंगात असतं. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातकुळीतलं. खारवलेली मासळी कधीकधी लाल पडते, तेही यांचंच काम. गोव्यातल्या रिबंदरच्या मिठागरातून तिथल्याच संशोधकांनी हे जीव वेगळे करून दाखवले आहेत. म्हणजे ही काही दूरदेशीची नवलकथा नाही. आपल्या भाकरीवरच्या मिठाच्या खड्याने यांचा शेजार पाहिलेला आहे.

पण हे सारं कळायला माणसाला वेळ लागला. इस्रायल आणि जॉर्डन यांच्यामध्ये जो प्रचंड खारा तलाव आहे, त्याचं नावच आपण मृत समुद्र ठेवलं. साध्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तिथे ३४० ग्रॅमच्या आसपास. त्यात मासा नाही, शेवाळाची झुलपं नाहीत, म्हणून 'मृत'. १९३६ साली बेंजामिन वोल्कानी या तरुण संशोधकाने जगाला सांगितलं, की या पाण्यात सूक्ष्मजीव राहतात. त्यांच्या नावावरून एका मीठप्रिय आर्कियाचं नाव पुढे 'हॅलोफेरॅक्स वोल्कानी' ठेवण्यात आलं.

आणि हा मृत समुद्र चक्क बहरतो! १९९१-९२च्या हिवाळ्यात त्या प्रदेशात असाधारण पाऊस झाला. पुराच्या पाण्याने वरचा थर थोडा सौम्य झाला. आधी एक सूक्ष्म शैवाल वाढलं, त्याच्या मागोमाग आर्किया वाढले आणि पाणी लाल झालं. शास्त्रज्ञ अशा वाढीला इंग्रजीत 'ब्लूम' म्हणतात. आपण 'बहर' म्हणू. मला या शब्दाची गंमत वाटते. मराठीत बहर म्हणजे फुलोरा. अरबीत 'बह्र' म्हणजे समुद्र. आणि गझल लिहिणाऱ्यांच्या भाषेत 'बह्र' म्हणजे वृत्त. मूळ वेगवेगळं असेल, पण त्या हिवाळ्यानंतर तरी समुद्र आणि फुलोरा हे दोन्ही अर्थ एकाच पाण्यात उतरले.

पुढे बहर ओसरू लागला. का ओसरला? पाण्यात मीठ खाणारे होते, पण त्यांना खाणारं कुणी दिसत नव्हतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये घेतलेलं पाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, विषाणूंसारखे कोट्यवधी कण आढळले. आर्कियांच्या पेशींपेक्षाही सरासरीने जास्त. बहर ओसरण्यात या विषाणूंचा हात असावा, असं संशोधकांना वाटलं. ज्या पाण्याला आपण मेलेलं म्हटलं, तिथे जगणंही होतं आणि शिकारही होती.

स्पेनमध्ये आलिकांते शहराजवळ सांता पोला नावाचं ठिकाण आहे. तिथल्या मिठागरांत १९९६च्या सुमाराला असाच एक अभ्यास झाला. मिठागरात वाफ्यागणिक पाणी जास्त खारट होत जातं. कमी खारट वाफ्यांत सूक्ष्मजीवांना गिळणारे एकपेशीय प्राणी होते. खारटपणा वाढत गेला तसे ते नाहीसे झाले, आणि विषाणूंची संख्या मात्र वाढत गेली. शेवटच्या, मीठ धरणाऱ्या वाफ्यात शिकारी उरला तो एकटा विषाणू. तिथल्या काही आर्किया पेशी तर चक्क चौकोनी असतात. कागदाच्या कपट्यासारख्या चपट्या, चार कोपऱ्यांच्या. अँथनी वॉल्सबी यांनी १९८० साली सिनाईच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या डबक्यात त्या पहिल्यांदा पाहिल्या होत्या. अशा चौकोनी पेशींच्या पोटात लिंबाच्या आकाराचे विषाणू खच्चून भरलेले दिसले. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करा. त्यांतल्या एका भागाएवढा हा जीव. 'जीव' म्हणायचं की नाही यावरही वाद आहेत, कारण यजमानाच्या घरात शिरल्याशिवाय त्याला स्वतःची एक प्रतही काढता येत नाही.

आता माझ्या शीर्षकाकडे येतो. मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या विषाणूची पहिली नोंद १९७४ सालची. नॉर्वेतले टॉर्सविक आणि डुंडास या दोन संशोधकांनी ती केली. पुढे १९८०च्या सुमाराला त्यांनी एक विलक्षण गोष्ट सांगितली. पाणी मिठाने अगदी गच्च असेल, तेव्हा विषाणू पेशीत शिरूनही तिला मारत नाही. यजमान वाढतो, त्याचा वंश वाढतो आणि विषाणू त्याच्या सोबतीने राहतो. पण मिठाचं प्रमाण उतरलं की त्याच पाहुण्याचं वागणं पालटतं. तो भराभर आपल्या प्रती काढतो, घर फोडतो आणि बाहेर पडतो. जमैका बेटावर पावसात सौम्य होणारं आणि उन्हात आटणारं एक खारं तळं आहे. तिथेही संशोधकांना अशीच चाल दिसली.

याचा अर्थ संशोधकांनी असा लावला. पाणी खूप खारट आहे तोवर यजमानाचे दिवस चांगले आहेत. तो जगला तर पाहुणाही जगेल. गोडं पाणी वाढलं की यजमान तसाही धोक्यात येतो. मग त्याच्या घरात थांबून उपयोग काय? प्रती काढाव्यात, बाहेर पडावं आणि पुन्हा ऊन तापून खारे दिवस येईपर्यंत वाट पाहावी. मीठ आहे तोवर इमान. 'खाल्ल्या मिठाला जागणं' ही म्हण इतकी शब्दशः कुणी पाळली असेल असं मला वाटलं नव्हतं!

अर्थात, सगळे विषाणू असे नसतात. काही आत शिरल्याबरोबर घर फोडतात. काही घर न फोडता, यजमानाची वाढ जरा मंदावून, हळूच एकेक करून बाहेर पडत राहतात. सिसिलीतल्या त्रापानीच्या मिठागरातून असा एक विषाणू सापडला आहे. पाहुण्यांच्या जेवढ्या तऱ्हा आपल्याला ठाऊक आहेत, तेवढ्या तिथेही आहेत. आणि ही कुळं फार जुनी. मिठागरातल्या एका विषाणूचं कवच २०१३ साली बारकाईने तपासलं, तेव्हा त्यातल्या प्रथिनाची घडी हर्पिस कुळातल्या विषाणूंच्या कवचातल्या घडीशी जुळली. आपल्याला नागीण होते ती याच हर्पिस कुळातल्या विषाणूमुळे. खाऱ्या तळ्यातल्या आर्कियाला छळणारा आणि माणसाच्या पाठीवर आग उठवणारा हे कुठेतरी, फार फार मागे, एकाच घराण्यातले असावेत असा याचा अर्थ लावला जातो.

इथपर्यंतची गोष्ट नवलाची झाली. आता ती आपल्या दाराशी येते.

सांता पोलाच्या मिठागरांत 'हॅलोफेरॅक्स मेडिटेरानी' नावाचा आर्किया राहतो. आलिकांते विद्यापीठातला फ्रान्सिस्को मोहिका हा तरुण त्याच्या डीएनएचा अभ्यास करत होता. प्रश्न एवढाच होता, की पाण्यातलं मीठ कमीजास्त झालं तर या जिवाच्या डीएनएत काय फरक पडतो. पैसा मिळवून देईल, रोग बरा करील असा हा प्रश्न नव्हता. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर समजा. १९९३ साली मोहिकांनी त्या मजकुरात एक विचित्र रचना नोंदवली. तीस अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येत होता. आणि दर दोन तुकड्यांच्या मध्ये साधारण तेवढ्याच लांबीचा मजकूर, दर वेळी वेगळा. मी हे वाचलं आणि मला गझल आठवली. रदीफ तीच, शेर दर वेळी नवा!

जपानी संशोधकांना १९८७ साली आपल्या आतड्यातल्या एका जिवाणूत अशी रचना दिसली होती. तिचा अर्थ मात्र कुणाला लागला नव्हता. मोहिका दहा वर्षं तिच्या मागे राहिले. आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'क्रिस्पर' हे नावही त्यांनीच सुचवलं. मग २००३ साली त्यांनी रदीफ बाजूला ठेवून शेर वाचायला घेतले. मधले ते वेगवेगळे तुकडे संगणकावर इतर नोंदींशी जुळवत गेले. एक तुकडा एका विषाणूच्या डीएनएशी तंतोतंत जुळला. आणि तो तुकडा ज्या जिवाणूपाशी होता, त्याला त्या विषाणूची बाधा होत नव्हती.

म्हणजे ती आठवण होती. कधीकाळी विषाणू घरात शिरला होता. ज्याचा जीव वाचला, त्याने शत्रूच्या मजकुराचा एक तुकडा कापून आपल्या वहीत लिहून ठेवला, आणि ती वही मुलानातवंडांना दिली. पुन्हा तोच शत्रू आला तर त्याला ओळखायचं आणि कापून टाकायचं. हा निबंध अनेक नियतकालिकांनी नाकारला; २००५ साली तो छापून आला. २००७ साली दही-चीजच्या विरजणावर काम करणाऱ्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं, की विरजणातले जिवाणू खरोखरच असं लिहून ठेवतात आणि बचाव करतात. २०१२ साली इमॅन्युएल शारपाँतिए आणि जेनिफर डाउडना यांनी या कात्रीला हव्या त्या जागी डीएनए कापायला लावलं. २०२० साली त्यांना नोबेल मिळालं. खरं बोलायचं तर ती कात्री एका वेगळ्याच जिवाणूची आहे. मिठागरातल्या आर्कियाची नाही. पण ज्या पायवाटेने शास्त्रज्ञ तिच्यापर्यंत पोचले, तिची एक सुरुवात मिठागरात आहे.

आणि ती वाट आज कुठे पोचली? २०२३ सालच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका या देशांनी क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली. तो आहे सिकलसेलसाठी. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या श्रोत्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगात असह्य कळा उठतात. आपल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमधली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या हा आजार सोसत आली आहेत. नव्या उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांत नेमक्या जागी काप घेतात. आईच्या पोटात असताना चालणारं आणि जन्मानंतर बंद पडणारं हिमोग्लोबिन त्यामुळे पुन्हा सुरू होतं. अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर आहे.

ही किंमत ऐकली की मन खट्टू होतं. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावरची आई हा आकडा लिहूही शकणार नाही. ज्या ज्ञानाची सुरुवात मिठाच्या वाफ्यात झाली, ते मिठाइतकं स्वस्त व्हायला हवं, असं मला वाटतं. मीठ महाग केलं, त्यावर कर बसवला, तेव्हा या देशाने काय केलं ते आपण जाणतो. १९३० साली आपल्या शिरोड्यातही त्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. औषधाच्या बाबतीतही कुणीतरी तितक्याच हट्टाने मागणी केली पाहिजे. विदर्भात रक्ततपासणी होते, गोळ्या मिळतात, हे ठीक आहे. पण पूर्ण बरं होण्याची वाट दिसली असताना ती पैशाच्या फाटकाशी थांबू नये.

दुसरी गोष्ट त्या पाण्याची. मृत समुद्राची पातळी दर वर्षी सुमारे एक मीटरने खाली जाते आहे, कारण त्याला मिळणारं जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवलं जातं. अमेरिकेतलं ग्रेट सॉल्ट लेक २०२२ साली आजवरच्या सर्वांत खालच्या पातळीला गेलं. आपल्या मुंबईत मिठागरांच्या जमिनी घरबांधणीसाठी काढून घ्यायचे निर्णय झाले आहेत. माणसांना घरं हवीत, याबद्दल माझं दुमत नाही. मी स्वतः दोन खोल्यांत वाढलो आहे. पण अशा जमिनीबद्दल बोलताना आपण 'ओसाड', 'पडीक', 'मेलेली' हे शब्द फार सहज वापरतो. मृत समुद्रालाही आपण असंच नाव दिलं होतं. त्याच्या वीस थेंबांत काय चाललं होतं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

सांता पोलाच्या लाल पाण्याकडे पाहून कुणीतरी विचारू शकलं असतं, 'याचा उपयोग काय?' त्या दिवशी त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मोहिकांपाशीही नव्हतं. उत्तर यायला तीस वर्षं लागली, आणि ते रक्ताच्या कळा सोसणाऱ्या माणसांसाठी आलं. लोणारचं पाणी पुन्हा कधी गुलाबी झालं आणि तिथे एखादी शाळकरी मुलगी बाटलीत पाणी भरून घेताना दिसली, तर तिला 'काय करणार आहेस?' एवढंच विचारा. 'कशाला?' असं विचारू नका.